दक्षिणेकडे जाण्याचा सर्वमान्य मार्ग

माणूस प्रवासाला निघतो तो कुठेतरी पोचण्यासाठी, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात पोचणं ही प्रवासातली सर्वांत गौण बाब आहे. पोचायला अक्कल लागत नाही. एकदा रस्ता धरला की माणूस केव्हातरी पोचतोच. खरी कसोटी असते ती रस्ता ठरवताना, आणि ज्या घरात रस्त्यातलं कळणारे पुरुष एकापेक्षा जास्त आहेत, तिथे ती चांगलीच लागते. आमच्या घरात असे पुरुष चार आहेत. या बाबतीत आम्ही भाग्यवान आहोत.

प्रकरण साधं होतं. आईची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, दूर दक्षिणेला राहते, जिथे भर हिवाळ्यातही लोक अंगणात खुर्च्या टाकून बसतात. (आमच्याकडे या दिवसांत खुर्चीवर बसण्याआधी ती शेगडीजवळ नेऊन गरम करावी लागते.) थंडी संपली की मावशी घर विकून परदेशात मुलीकडे कायमची जाणार होती. दोघी बहिणींची सहा वर्षांत भेट नव्हती, आणि आता झाली नाही तर पुढे कधी होईल याचा भरवसा नव्हता. म्हणून आई म्हणाली, "या थंडीत मला एकदा ताईकडे घेऊन चला." आईने आजवर फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत, त्यामुळे सगळे एका आवाजात हो म्हणाले. वडील म्हणाले, "बसबिस काही नको. गाडीनेच जाऊ. दोन दिवसांचा तर रस्ता आहे." रस्ता हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा.

पुढच्याच रविवारी जेवणाचं टेबल रिकामं करून मार्गनिश्चिती समितीची पहिली बैठक भरली. वडील अध्यक्ष झाले, कारण त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे आणि नकाशा त्यांच्या मालकीचा आहे. हा नकाशा कापडावर चिकटवलेला असून अत्यंत विश्वासार्ह आहे. फक्त त्याची घडी नेमकी दक्षिणेवर पडत असल्याने तिथे एक भोक पडलं आहे. मावशी त्या भोकात राहते. तिच्यापर्यंतचा प्रदेश मात्र स्वच्छ दिसतो.

वडिलांची शिफारस जुन्या रस्त्याची होती. लग्न झाल्यावर ते आईला घेऊन याच रस्त्याने गेले होते, आणि वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर मिळाला तसा चहा त्यांना नंतर कुठे मिळालेला नाही. मध्यंतरी धरण झाल्यामुळे या रस्त्याचा काही भाग पाण्याखाली गेला आहे. (वडिलांच्या मते फार थोडा.) हा मुद्दा काकांनी उपस्थित केला, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, पाणी उन्हाळ्यात उतरतं." आपण हिवाळ्यात जात आहोत याची कोणीतरी आठवण करून दिली. त्यावर आठवण करून देणाऱ्याचा सूर बरोबर नव्हता, असं ठरलं.

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पूल बांधणाऱ्या खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. पूर्वेच्या रस्त्यावर नदीवरचा जो मोठा पूल आहे, तो त्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. त्यामुळे कुठेही जायचं असलं तरी पूर्वेच्या रस्त्याने गेलेलं बरं, असं त्यांचं तांत्रिक मत आहे. मागे एकदा त्यांना उत्तरेकडे लग्नाला जायचं होतं, तेव्हाही ते त्या पुलावरून गेले होते. लग्न चुकलं, पूल मात्र उत्तम स्थितीत होता, असं ते आल्यावर सांगत होते.

तिसरे सदस्य जावईबापू, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. ते टायर विकतात. त्यांचा आग्रह पश्चिमेच्या महामार्गाचा. तो रस्ता चांगला आहे म्हणून नव्हे, तर त्या रस्त्यावर त्यांच्या ओळखी आहेत म्हणून. अमुक वळणावर आपला एक माणूस आहे, तमुक नाक्यावर आपला एक माणूस आहे. हे लोक नेमकं काय करतात ते कधी स्पष्ट होत नाही, परंतु गाडी बंद पडली तर ते धावून येतील याबद्दल जावईबापूंना शंका नाही. गाडी दुसऱ्या रस्त्यावर बंद पडली तर काय, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. जावयाला तोडून कसं बोलायचं, म्हणून वडील त्यांना दर वेळी "तुमचंही बरोबर आहे" म्हणत आणि नकाशाकडे बघत.

चौथा मी. मी विमा कचेरीत लोकांचे दावे नाकारण्याची पत्रं लिहितो, म्हणून इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी भीत भीत फोन काढला आणि त्यातल्या बाईला रस्ता विचारला. तिने लगेच सांगितला. हीच तिची चूक झाली. तीन जाणती माणसं महिनाभर ज्याच्यावर डोकं खपवणार होती, ते हिने एका क्षणात सांगावं, याचा सर्वांनाच राग आला. "हिने कधी घाट उतरलाय का?" काकांनी विचारलं. "हिची ओळख आहे का कोणाशी?" जावईबापू म्हणाले. फोन उलटा करून ठेवण्यात आला.

आईचं मतही विचारण्यात आलं, हे इथे नमूद करणं योग्य ठरेल. ती चहाचे कप घेऊन आली होती. "दक्षिणेला जाणारा कुठलाही चालेल," ती म्हणाली. समितीने या मताचं स्वागत केलं आणि ते तांत्रिक स्वरूपाचं नसल्याने बाजूला ठेवलं.

बैठका दर रविवारी होत राहिल्या. माझ्या अंदाजाप्रमाणे साठ टक्के वेळ रस्त्यांवर गेला, तीस टक्के वेळ वाटेत कुठे काय खायचं यावर, नऊ टक्के वेळ एकमेकांशी न बोलण्यात, आणि उरलेला एक टक्का आईला "जरा सरक, नकाशा दिसत नाही" असं सांगण्यात. आईची बॅग दाराशी भरून तयार होती. थंडी वाढली तसं तिने त्यातला स्वेटर काढून अंगात घातला. पुढे शालही काढली. मावशीचा फोन आला की वडील सांगत, "काम अंतिम टप्प्यात आहे." मावशीने घरातलं सामान विकायला सुरुवात केली होती. "कपाट गेलं," ती आईला सांगायची. "पलंग गेला. दोन खुर्च्या तेवढ्या ठेवल्यात, आपल्याला बसायला." हे ऐकून आई स्वयंपाकघरात जायची आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायची. मला वाईट वाटायचं. मी ते एकदा बैठकीत बोलून दाखवलं, तर वडील म्हणाले, "म्हणूनच घाई करून चालणार नाही."

शेवटी, थंडीचे थोडेच दिवस उरले असताना, समितीने सर्वमान्य मार्ग शोधून काढला. त्याचं तत्त्व असं की कोणाचंही मन मोडायचं नाही. सकाळी पूर्वेच्या रस्त्याने निघायचं आणि काकांचा पूल ओलांडायचा. पूल झाल्यावर मागे वळायचं आणि जावईबापूंचा महामार्ग धरायचा. त्यावरून जुन्या रस्त्याला लागायचं, आणि पाणी दिसेपर्यंत जायचं. या मार्गात एकच बारीकशी अडचण होती. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना आमचं गावच मध्ये येत होतं, आणि गावातला तो रस्ता आमच्या फाटकासमोरून जात होता. मी हे निदर्शनास आणलं. वडिलांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "उत्तम. म्हणजे दुपारचं जेवण घरीच होईल." बाहेरच्या खाण्याचा तीस टक्के प्रश्न असा एका वाक्यात मिटला. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आम्ही पहाटे निघालो. माझी बहीण आली नाही. "तुम्ही पोचलात की कळवा, मी विमानाने येते," असं तिने जावईबापूंना सांगितलं होतं. माझी बायकोही राहिली. ती दातांची डॉक्टर आहे, दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर आहे, आणि समोरच्या माणसाच्या तोंडात कापूस असल्याशिवाय फार वेळ ऐकून घ्यायची तिला सवय नाही. धुकं दाट होतं, पण प्रवास सुखाचा झाला. पुलावर काकांनी गाडी थांबवली. आम्ही सगळे खाली उतरलो आणि कठड्याला हात लावून पाहिला. आई गाडीतच बसून होती. "वहिनी, बघा तरी," काका म्हणाले. तिने काच खाली करून पाहिलं आणि "छान आहे हो," म्हणाली. ते खरंच होतं.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही आमच्या घरी पोचलो. बायकोने दार उघडलं.

"काय विसरलं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "हे मार्गातच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि ताटं घेतली. जेवण झाल्यावर, भरल्या पोटी गाडी चालवणं धोक्याचं असल्याने चालकाने, म्हणजे काकांनी, थोडा वेळ आडवं व्हावं असा निर्णय झाला. सुरक्षेच्या दृष्टीने बाकीचेही आडवे झाले.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. वडिलांनी चहासाठी हाक मारली. चहा आला नाही. पुन्हा हाक मारली. घरात अशी परिस्थिती पूर्वी कधी उद्भवलेली नसल्याने पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना. मी गाडीकडे जाऊन आलो. मागच्या बाजूला सगळ्यांच्या बॅगा होत्या, आईची नव्हती. तेवढ्यात बायको हातमोजे काढत खालून आली.

"आई गेल्या," ती म्हणाली. "अडीचच्या बसने. मी स्टँडवर सोडून आले."

"गेली? कुठे गेली?" वडिलांनी विचारलं.

"दक्षिणेला."

मग काकांनी समितीच्या मनातला प्रश्न विचारला. "कुठल्या रस्त्याने?"

"आणि न सांगता?" वडील म्हणाले.

"सांगितलं की बाबा. तुमच्या उशाशी येऊन म्हणाल्या, 'अहो, मी येते.' तुम्ही झोपेत म्हणालात, 'डावीकडे घे.'"

समितीची तातडीची बैठक झाली. आई अशी एकाएकी निघून गेल्याने गाडीत एक जागा रिकामी झाली असून आता पाय लांब करता येतील, हे सर्वांनी मान्य केलं. परंतु आता नेमकं कशासाठी जायचं, हा मुद्दा उपस्थित होताच बैठक तहकूब करावी लागली. चहा मी केला. तो कोणी संपवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "पोचले रे," आई म्हणाली. तिच्या मागे मावशीच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि मग आईही हसायला लागली. आईला असं हसताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. (इतिवृत्तात याची नोंद नाही.) एवढ्यात फोन माझ्या हातातून गेला.

"वहिनी, पुलावरून गेलात ना?" काकांनी विचारलं.

"नाक्यावर थांबली होती का बस?" जावईबापू म्हणाले. "तिथे आपला माणूस आहे."

"मला झोप लागली होती हो," आई म्हणाली. "डोळे उघडले तर ताई खिडकीखाली उभी. मग आम्ही दोघी स्टँडवरच रडत बसलो."

एवढा मोठा रस्ता एका माणसाने पूर्ण पार करावा आणि त्याची काहीही माहिती हाती लागू नये, याचा काकांना धक्का बसला. वडिलांनी मात्र फोन घेतला, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. "तिकडे थंडी नाही ना?" एवढंच मला ऐकू आलं.

मावशी जाईपर्यंत आई तिच्याकडेच राहणार आहे. ती परत यायला निघेल तेव्हा तिला आणायला गाडीने जायचं, असं सर्वानुमते ठरलं आहे.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. कचेरीत सांगितली, न्हाव्याच्या दुकानात सांगितली, दात दुखत असलेल्या दोन रुग्णांनाही सांगितली. सहा वर्षांनी भेटलेल्या त्या बहिणी एकमेकींना काय म्हणाल्या, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. प्रत्येकाने पूर्ण ऐकून घेतलं, माझ्या अज्ञानाची कीव केली आणि म्हटलं, "पण तुम्ही डोंगराच्या पलीकडून का नाही गेलात?" त्या सर्वांना आम्ही समितीवर घेतलं आहे. टेबल आता पुरत नाही. पण तुम्हीही पुलाच्या आसपास कुठेतरी मान हलवायला सुरुवात केली होती, हे माझ्या लक्षात आलं आहे. तेव्हा संकोच नको. खुर्ची ओढा, आणि सांगून टाका, कुठून जायला हवं होतं?