तोंडानं करून दाखवा जी

रामटेकेभाऊंकडे गाडी दुरुस्तीला नेली की आधी आपल्यालाच गाडी व्हावं लागतं. ते बॉनेट उघडत नाहीत, चावी मागत नाहीत. लुंगी सावरत समोर येतात, आपल्या तोंडाकडे एकटक बघतात आणि म्हणतात, "कसा आवाज येते? तोंडानं करून दाखवा जी."

यातून कुणालाही सूट नाही. आमच्या भद्रावतीतले एक डॉक्टर भर रस्त्यात स्कूटर झालेले मी पाहिले आहेत. एका वजनदार सरपंचांनी जीव तोडून 'खर्र खर्र' केलं, तर भाऊ म्हणाले, "हा तुमचाच खोकला वाटून राह्यला. जीपचा करा." आणि एका बाईंनी मिक्सर इतका हुबेहूब काढला, की भाऊंनी तो न उघडताच "कार्बन गेला" म्हणून सांगून टाकलं. ते खरंही निघालं.

भाऊ माझे शेजारी. उभी हयात कोळशाच्या खाणीत गेली. तिथे कोळसा वाहून नेणारा लांबच लांब बेल्ट असतो आणि त्याच्याखाली शेकडो रोलर. त्या बेल्टच्या कडेने चालत जायचं आणि कुठला रोलर बिघडणार ते ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरासमोरच्या कडुनिंबाखाली पाने-पक्कड मांडली. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मला त्यांच्या क्रियापदांचं भारी कौतुक. बेअरिंग भुणभुणते, टॅपेट टकटकते, सायलेन्सर भोकते आणि बेल्ट रडते. "मशीन कारनाशिवाय रडत नाई जी," ते सांगतात. "मानसाचं काई सांगता येत नाई."

त्यांच्या बायकोचा, सुमनबाईंचा, आवाज चिमणीसारखा बारीक. पण त्या नवऱ्याला हाक म्हणून मारत नाहीत. खिडकीच्या गजावर झारा आपटतात. ठण्ठण् झालं की भाऊ जेवायला उठतात. गल्लीत बाईंचं नाव 'झारेवाली' पडलं होतं, आणि भाऊंची कीव करणाऱ्यांत मीही होतो.

तर माझी गाडी. गेल्या उन्हाळ्यात ती सुरू केली की 'चींऽऽऽ' करायला लागली, डुकराच्या पिल्लाची शेपटी पायाखाली आल्यासारखी. मी कोपऱ्यावर वळायच्या आत शाळेतली पोरं "सर आले, सर आले" म्हणून वर्गात पळत. माझं डोकं त्या आवाजाने पार उठलं. वर्गात कुणाचा बाक किरकिरला तरी मी दचकायचो, आणि घरी दार वाजलं तरी तेल घालायला धावायचो.

त्यातच भाऊंच्या नातीचं नाव ठेवायचं ठरलं. त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा आलापल्लीला नर्स आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण तिकडे सासरीच झालं. पोर दीड महिन्याची झाली तरी आजी-आजोबांनी तिला पाहिलं नव्हतं. बस बदलत जाणं सुमनबाईंच्या गुडघ्यांना झेपेना, आणि भाऊ आज जाऊ, उद्या जाऊ करत टाळत होते. संघमित्रा फोनवर पोरीचं रडणं ऐकवायची, तेव्हा ते "हो हो, आयकलं, आयकलं" म्हणत फोन घाईघाईने बायकोच्या हातात द्यायचे. मला वाटायचं, काय कोरडा माणूस आहे!

"येत्या रविवारी मी नेतो तुम्हाला," मी म्हटलं.

"गाडी रडते म्हनतात ना लोकं तुमची? रस्ताभर जंगल हाय. मधातच बसली तं नातीचं तोंड कवा पाहू? आधी तिचं रडनं बंद करू. रडत्या गाडीत मी नाई बसत."

सोमवारी संध्याकाळी गाडी कडुनिंबाखाली लावली. भाऊ समोर उभे राहिले. "करा."

मी 'चीं'साठी तोंड उघडलं आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या नववीच्या चार मुली सायकलींवरून आल्या. "नमस्कार सर!" आता मास्तरने पोरींसमोर डुकराचं पिल्लू व्हायचं? मी आवाज खाली आणला, ओठ गोल केले आणि जरा भारदस्तपणे म्हटलं, "घूंऽऽऽ."

भाऊंचा चेहरा उजळला. "डायनामोचं बेअरिंग!"

मंगळवारी डायनामो उतरवला. बेअरिंग बदलून बुधवारी बसवला. मी गाडी सुरू केली. 'चींऽऽऽ!' कडुनिंबावरचे कावळे उडाले. भाऊ इंजिनाला खेटून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "गेला?"

मला वाटलं, टोमणा आहे. "कुठला जातोय!" मी म्हटलं.

भाऊ अस्वस्थ झाले. गाडीला फेऱ्या घालू लागले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ दातांत धरली आणि डोळे मिटून उभे राहिले. गुरुवारी पाण्याचा पंप काढला. चहा आला, निवला, तसाच परत गेला. शुक्रवारी तर ते चालता चालता स्वतःशीच पुटपुटत होते, "घूं... घूं..." आणि गाडी आपली 'चीं'च करत होती.

शनिवारी दुपारी माझा तोल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. भाऊ पुन्हा समोर येऊन उभे राहिले, "सर, एकडाव करून दाखवा जी."

"भाऊ, माझं तोंड काय बघता?" मी ओरडलो. "कान आहेत ना तुम्हाला? अख्खी गल्ली ऐकते आहे!"

भाऊंनी पाना खाली ठेवला. एकेक बोट पुसलं आणि घरात निघून गेले. बॉनेट उघडं टाकून गेलेले ते मी प्रथमच पाहत होतो.

सुमनबाई बाहेर आल्या. हातात झारा होताच.

"लय जोरानं बोलले, सर, तुमी."

"चुकलंच माझं, बाई."

"तसं नाई जी. जोराचं आयकू येते त्यायले. जाड आवाजबी येते. बारीकच येत नाई. चिमनी गेली, कुकरची शिट्टी गेली, मंग माहा आवाज गेला." त्यांनी झाऱ्याकडे पाहिलं. "म्हनून हा वाजवतो मी. लोकं मले कजाग म्हनतात, म्हनू द्या. त्यायले बहिरा म्हनतील तं गाडी कोन आनल त्यायच्याकडे? कानाची मशीन घ्या म्हनलं, तं म्हनतात, मिस्त्रीच्याच कानात मशीन?"

"मग बिघाड ओळखतात कसे?"

"तोंड पाहून. ओठ फाकले तं बारीक, गोल झाले तं जाड. कोनाले सांगू नका जी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार पोरी हसतील म्हणून मी ओठ गोल केले होते, आणि त्या गोल ओठांवर विश्वास ठेवून हा माणूस पाच दिवस गाडी उसवत बसला होता.

मी बाईंच्या हातातला झारा घेतला आणि गजावर दणादण आपटला. जेवणाची हाक बाहेरून कशी म्हणून भाऊ दाराबाहेर आले आणि मला बघून थबकले. शनिवारची शाळा सुटली होती, रस्ता पोरांनी भरला होता. मी ओठ कानापर्यंत ताणले, बत्तिशी दाखवली आणि छाती फुटेस्तोवर केलं, "चींऽऽऽऽ!" पोरं सायकलींवरून पडायच्या बेतात आली.

"अरे बाप!" भाऊ कडाडले. "हा तं बेल्ट हाय! पाच दिवस काऊन नाई सांगतलं जी?"

मी झारा बाईंना परत दिला. भाऊंनी मला गाडी सुरू करायला लावली आणि तांब्यातलं पाणी बेल्टवर शिंपडलं. पाणी पडताच आवाज थांबला. भाऊ इंजिनाकडे बघतच नव्हते, खिडकीशी उभ्या बायकोकडे बघत होते. बाईंनी झारा एकदा वाजवला. भाऊंनी मान डोलावली. बेल्ट झिजून गुळगुळीत झाला होता. नवा घालून, ताणून बसवायला त्यांना अर्धा तासही लागला नाही.

रविवारी पहाटेच निघालो. गाडी कशी शहाण्या मुलीसारखी चालली होती. सागाचं जंगल सुरू झालं तरी भाऊंचा तळहात डॅशबोर्डवरच होता. दर दहा मिनिटांनी ते वळून बायकोकडे बघायचे आणि बाई मानेनेच 'नाही' म्हणायच्या. गप्पा मारायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बल्लारपुरात चहाला थांबलो तेव्हा ते खालीसुद्धा बसले नाहीत.

आलापल्लीला पोचलो. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, पोरीचं नाव सुजाता ठेवलं आणि संघमित्राने तिला भाऊंच्या मांडीवर दिलं. पोरीने डोळे उघडले, आजोबांना नीट न्याहाळलं आणि भोकाड पसरलं.

"आजोबा, रडून राह्यली ना ती! द्या इकडे," बायका म्हणाल्या.

भाऊंनी दिली नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं तसे ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हनुवटीने मला जवळ बोलावलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "ओठ फाकलेले दिसून राह्यले. हातालेबी लागून राह्यलं. पन... तुमचा तो घूं मले आयकू आल्ता. तसा जाड करून दाखवा जी. कशी रडते माही नात?"

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी भाऊंच्या कानाशी वाकलो, ओठ गोल केले आणि बेंबीच्या देठापासून, होईल तेवढ्या जाड आवाजात रडलो, "उंवाँऽऽ! उंवाँऽऽ!"

सगळ्यांच्या माना वळल्या. एक म्हातारी म्हणाली, "या मास्तरले का झालं वं?" पोरगीसुद्धा क्षणभर रडायची थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

भाऊंनी डोळे मिटले होते. हात तिच्या पाठीवर तसाच होता.

"आखीन एकडाव, सर," ते म्हणाले.