पहिला शब्द तुम्हालाच

पैसा कमावणे त्या मानाने सोपे. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न गहन आहे. मानवजातीने त्यावर आजवर दोनच उत्तरे शोधली : आपल्या घरात किंवा दुसऱ्याच्या घरात. क्रिप्टो चलन आले तरी उत्तरे तीच राहिली. फक्त पहिल्याला डेस्कटॉप ॲप आणि दुसऱ्याला वेबसाइट म्हणू लागले.

चष्म्याचे दुकान चालवणारे दादा पहिल्या पंथाचे. त्यांच्या मेहुण्याचे क्रिप्टोचे पाकीट वेबसाइटवर असे. पासवर्ड विसरला की तो 'विसरलो' या बटणावर टिचकी मारी आणि नवा मिळवी. (विसरण्याला एवढा मान पूर्वी फक्त साहेबलोकांनाच होता.)

"दुसऱ्याच्या खुंटीला आपली पिशवी," दादा म्हणत. स्वतः त्यांनी दुकानातल्या संगणकावर एक हलके ॲप घेतले. ते इतके हलके होते की पहिले काही दिवस दादांनाच सापडेना. सुरक्षितता म्हणतात ती हीच, असे त्यांनी मेहुण्याला समजावले.

ॲपने बारा शब्द दिले. संगणक बिघडला तर दुसऱ्या संगणकावर हे शब्द त्याच क्रमाने टाकायचे, की पैसे परत. शब्द गेले तर पैसे गेले. दादांनी विचार केला. कागद हरवतो. एकाच माणसाला सांगावे, तर तो पडला माणूस. म्हणून त्यांनी बारा नातेवाइकांना एकेक शब्द मानाप्रमाणे खासगीत वाटला आणि लगेच स्वतः विसरून गेले. (सुरक्षिततेचे दुसरे अंग.) कुणी दुखावू नये म्हणून प्रत्येकाला सांगितले, "पहिला शब्द तुम्हालाच देतोय, बरं का."

पुढे मालकाने दुकानाचा गाळा विकायला काढला. महिनाअखेर पैसे दिले तर गाळा दादांचा, नाहीतर शेजारच्या मोबाइलवाल्याचा. या गाळ्यात दादांनी अर्ध्या गावाला भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली होती. तो जाणार म्हटल्यावर त्यांनी ॲपमधले सगळे पैसे काढायचे ठरवले. नेमकी त्याच आठवड्यात संगणकाने मान टाकली.

मेहुण्याची वेबसाइटही त्याच सुमारास 'देखभालीसाठी बंद' झाली. पण मेहुणा निवांत होता. 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात' असा संदेश त्याला रोज येई, आणि घरी त्याला असे कुणी म्हणत नसे.

दादांनी उसना संगणक आणला आणि बाराजणांना दुकानात बोलावले. मोठ्या काकूंनी आपला शब्द शेजारणीकडे जपायला दिला होता. तो परत आणून त्याही आल्या. मात्र आपला शब्द दुसऱ्याला सांगायला कुणी तयार होईना. "मला दिलाय, मीच टाकणार," यावर एकमत झाले. (या घराण्यातले हे पहिलेच.) म्हणजे रांग आली.

बारा शब्दांचे सत्तेचाळीस कोटींहून अधिक क्रम लागतात, असे गणित सांगते. नातेवाइकांनी ते काम सोपे करून बारावर आणले. प्रत्येक क्रमात सांगणारा पहिला. मग वडीलधाऱ्यांपासून क्रम लावून पाहिला. पाकीट उघडेना. शेवटी दादांनी घाम पुसला. शब्द वाटले तेव्हा मनात जो मान होता, तोच आता तोंडाने सांगणे भाग होते.

"आधी आत्या," ते म्हणाले. "मग मेहुणा."

थोरले काका नववे निघाले. "नववा? मी?"

"तेव्हा आपलं जरा वाजलं होतं, काका."

धाकटा भाऊ आपणहून शेवटी जाऊन उभा राहिला. "मी बारावा ना? ठाऊक होतं मला. सरक, दादा." त्याने शब्द टाकला आणि पाकीट उघडले. दादांना आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

गाळा वाचला. नातेवाईक चहा न घेता गेले. कप गोळा करता करता बायको म्हणाली, "बाराजणांत मी नव्हतेच, नाही का?"

"तू घरातलीच ना," दादा म्हणाले. ती कप घेऊन आत गेली. अजूनही फारशी बोलत नाही.

वाचक हसले असतील, जरूर हसावे. मात्र आता आपली बारा माणसे मनात क्रमाने उभी करावीत. झाली? मग शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाचा नंबर कितवा लागला, ते त्याने विचारण्याआधी पाहून ठेवावे.