फोटो उलटून पाहणारे गुरुराजराव

गुरुराजराव पहिल्यांदा आमच्या घरी आले ते दारातून थेट भिंतीकडे गेले. मी 'या, बसा, कॉफी घ्या' म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या वडिलांचा फोटो खिळ्यावरून काढून उलटा केला होता. मागची बाजू कोरी पाहून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी वडिलांना उपाशी ठेवलं होतं. मग खिशातली पेन्सिल काढून नाव-गाव विचारलं, मागे लिहिलं, फोटो सरळ टांगला आणि म्हणाले, "आतां कापी चालेल."

मी सरकारी नोकरीत पुण्याहून बदली होऊन मद्रासला, तिरुवल्लिक्केणीत राहायला आलो होतो. गुरुराजराव शेजारी. कचेरीतून निवृत्त झालेले, तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं; 'सगळं' म्हणायच्या जागी ते 'अस्कं' म्हणत. माझं मराठी त्यांना छापल्यासारखं वाटे.

कॉफी दळून देणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर त्यांचं इतिहास मंडळ होतं. गुरुराजराव त्याचे चिटणीस, एक म्हातारे वकील अध्यक्ष, आणि पुढे मीही सभासद झालो. 'नाही' म्हणायला त्यांनी वेळच दिला नाही. तिथल्या जुन्या कागदांना कॉफीचा वास यायचा.

लग्नाला गेले की ते पंगतीत कधी सापडत नसत. आतल्या खोलीत स्टुलावर चढून कुणाचे तरी आजोबा उतरवत असायचे. एका घरी वर्षानुवर्षं हार घालून पूजलेले आजोबा त्यांनी उलटे केले, तर मागे भलत्याच गृहस्थाचं नाव निघालं. त्या घराने पुन्हा आम्हाला कशालाच बोलावलं नाही. गुरुराजराव मात्र आठवडाभर खुशीत होते.

अशात मैलापूरचं एक जुनं मराठी घर विकलं गेलं आणि तिथल्या दोन ट्रंका मंडळाकडे आल्या. मोडीतले कागद पाहून अध्यक्षांना राजदरबारातली कारस्थानं दिसू लागली. गुरुराजरावांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. कारस्थान होतं, पण ते फणसाच्या झाडावरून दोन भावांत झालेलं. अध्यक्षांचा चेहरा पडला. गुरुराजराव म्हणाले, "राजांची नावं अस्क्यांना ठाऊक. फणसासाठी भांडलेल्याचं नाव कोण सांगणार?"

दुसऱ्या ट्रंकेत फोटो होते, आणि एकाच्याही मागे नाव नव्हतं. त्यांनी पुढच्या रविवारी त्या घराच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांना माडीवर बोलावलं, वडे मागवले आणि फोटो मांडले. त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. एकीने जिला आपली जाऊ म्हणून ओळखलं, तिला दुसरीने नाकावरून आपली मावशी ठरवलं. मिश्यांवरून दोघी रुसल्या. गुरुराजराव मधोमध बसून लिहीत होते आणि खोडत होते.

एक फोटो तेवढा कुणालाच ओळखता येईना. नऊ-दहा वर्षांची नवरी आरशाला पाठ करून उभी होती, फुलांनी मढवलेली तिची लांब वेणी आरशात दिसावी म्हणून. तो हातोहात फिरत कोपऱ्यातल्या तुळजाअत्यांकडे गेला. त्या लहानपणीच विधवा झालेल्या. केशवपन केलेलं, डोक्यावरून पदर. कुणाची तरी सोबत म्हणून आल्या होत्या. वडे-कॉफीला शिवल्या नव्हत्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ते मी की रे, गुरु," त्या म्हणाल्या.

नवरा गेल्यावर त्यांचे असे फोटो घरच्यांनी काढून टाकले होते. मैलापूरचं ते घर त्यांच्या मामाचं; हा एवढा तिथल्या ट्रंकेत राहिला होता. अत्या बोटाने आरशातली वेणी वरपासून खालपर्यंत चाचपत होत्या.

गुरुराजरावांनी नाव काय लिहू, असं विचारलं.

"सासरीं तुळजा ठेवलं. घरांत चिमी म्हणत होते," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "चिमी लिही."

गुरुराजरावांनी तसंच लिहिलं, फोटो आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि अत्यांच्या हातात दिला. अध्यक्षांनी हरकत घेतली, की अस्सल वस्तू मंडळाबाहेर जात नाही.

"अस्सल ह्या बसल्या आहेत की," गुरुराजराव म्हणाले. "आपल्याकडे आली ती नक्कल."

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि बहुतेक हसले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघे जिना उतरलो. दुकानात बिया भाजल्या जात होत्या. अर्ध्या जिन्यावर गुरुराजराव थांबले.

"मी पाळण्यांत होतों तेव्हां बाबा गेले," ते म्हणाले. "आईला मी पाहिलं ते पदरांतच. तिचे केस कसे होते, कुरळे की सरळ, मला ठाऊक नाही."

मग ते उरलेला जिना उतरले. दुकानदाराला हाक मारून त्यांनी पावशेर पूड सांगितली, बारीक दळायला बजावलं, आणि चक्की थांबेपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो.