केसपेपरवरचा अर्ज

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचे रजेचे तीन अर्ज परत आले होते. तिन्हींवर डॉक्टरांचा एकच शेरा: ‘बदली माणूस नाही.’ काल घरी लेक गळ्यात पडायला आली, तर सिस्टरच्या तोंडून सुई टोचतानाचंच निघालं, "दंड सैल सोड." पोरगी हिरमुसून आजीकडे गेली. तेव्हाच सिस्टरनं ठरवलं, उद्या चौथा अर्ज.

सकाळी कोरा कागद सापडेना, म्हणून तिनं केसपेपरच ओढला. पण बारा वर्षं मुरलेला हात तो! ‘रजा मिळावी’ लिहायचं सोडून त्यानं रकाने भरले. स्त्री/पुरुष: स्त्री. तक्रार: झोप नाही, चिडचिड, उगाच रडू येतं. कधीपासून: दोन वर्षं. तेवढ्यात बाहेर एका बाळानं उलटी केली. सिस्टर धावली आणि इकडे सफाईच्या मावशींनी तो कागद नंबर टाकून पेशंटच्या गठ्ठ्यात सारला.

डॉक्टर मान वर न करता लिहिणारे. ‘आठ दिवस पूर्ण विश्रांती’ खरडून त्यांनी सही ठोकली.

"सिस्टर, या बाईला आधी घरी पाठवा. किती अंगावर काढलंय! बरोबरच्या माणसांना डोळे नाहीत का?"

"कुठली बाई, सर?"

कागद हातात आला आणि सिस्टरनं आपलंच अक्षर ओळखलं.

"सर... ही मीच."

डॉक्टरांची मान एकदाची वर झाली. "तुम्ही? कधीपासून?"

"दोन वर्षं. लिहिलंय वर."

"अहो, पण बदली माणूस..." म्हणत त्यांनी सही खोडायला पेन उचललं.

मावशींनी दारातून डोकं घातलं. "खोडू नका साहेब. रजिस्टरला नंबर चढलाय. खाडाखोड केली तर वरून बोलणी बसतात, तुम्हीच ओरडता."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. तो कागद त्यांनी पुन्हा पहिल्या रकान्यापासून वाचला. मग हळूच म्हणाले, "जा तुम्ही. रांग मी बघतो."

सिस्टरनं पर्स खांद्याला लावली. पायात गोळे आले होते. मिनिटभर टेकावं आणि निघावं, म्हणून ती पेशंटच्या बाकावर बसली.

जरा वेळानं डॉक्टर दारात आले. "पुढचा!"

कुणी हललं नाही. त्यांना उभं असलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. बाकावरच्या एका आजींनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवीन लागलास का रे?"

"आजी, मी डॉक्टर!"

"बरं बरं. मग हळू बोल की बाबा," आजी आपला खांदा न हलवता म्हणाल्या. "सिस्टर झोपल्यात."