चित्रातल्या मुलीचं तोंड

"सर, ही मुलगी रुसलीय, की हिच्या पोटात दुखतंय?"

विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि मोठ्या आवाजामुळे 'भोंगा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नववीतल्या मुलीने ती भर सभागृहात, पाहुण्यांसमोर जिंकली. चित्रकलेच्या सरांनी मान खाली घातली. भिंतीवरच्या चित्रात एक चिमुरडी होती. टपोरे डोळे, कपाळावर उडालेली बट आणि तोंडाच्या जागी कोळशाची फिकट रेघ.

सरांच्या आधी पाहुणेच बोलले. "हे दुःख आहे, बाळ! ओठांवर न येणारं!"

"अगदी मुकं दुःख!" मुख्याध्यापिका बाईंनी री ओढली. भिंतीची ओल झाकायला सरांच्या कपाटातून ते चित्र त्यांनीच काढून टांगलं होतं. पण आता त्यांचेही डोळे पाणावले. त्या भरात त्यांनी चित्र पाहुण्यांना भेट देऊन टाकलं आणि नववीला त्यावर निबंध लावला.

"तुझ्या पोटदुखीपायी आमचा रविवार गेला!" म्हणत मैत्रिणींनी भोंग्याशी बोलणंच टाकलं. मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसेना. शेवटी ती डबा घेऊन चित्रकलेच्या खोलीत गेली. सरही तिथे एकटेच जेवत होते.

"सर, निबंधाला एक ओळ तरी द्या ना. झालंय काय तिला?"

"काही नाही गं. तोंड काढायचं राहिलंय."

भोंगा ठसका लागेपर्यंत हसली. सरही हसले. मग थांबले.

"माझी लेक आहे ती. तिच्या आईकडे असते, लांब. फोटोत कायम ओठ मिटलेले. हसते कशी, तेच नीट आठवेना. म्हटलं, सुट्टीत येईल तेव्हा समोर बसवून पुरं करू."

"मग बाईंना सांगा की!"

"सांगितलं. म्हणाल्या, पाहुणे एवढे हेलावले, आता हसवता कुठे? उद्या प्रार्थनेनंतर पाहुणे येऊन नेणार आहेत चित्र." सरांनी धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

संध्याकाळी आई कुकर लावत होती, बाबा बूट काढत होते. भोंगा दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"उद्या प्रार्थना संपली की मी माईक घेणार आणि सगळ्यांना सांगणार, चित्र अर्धवट आहे, सरांना परत द्या."

"अगं, शाळेतून आम्हाला बोलावणं येईल!" आई म्हणाली.

"येणारच. म्हणून तर आत्ता सांगतेय. दोघांनीही अर्ध्या दिवसाची रजा टाका."