पेडणेकरच्या चिठ्ठ्या

पेडणेकर चष्म्याची काडी बदलली तरी ऑफिसभर कळवायचा. मस्करी नाही. सकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून सांगायचा, "काडी नवीन आहे. कळवून ठेवतो हं, नंतर गैरसमज नको." कसला गैरसमज, देव जाणे. एकदा तर बोरीवलीतल्या त्याच्या सोसायटीच्या फळ्यावर त्याने लिहिलं होतं, की पेडणेकरांकडे उद्यापासून कुकरच्या तीनऐवजी चार शिट्ट्या होतील.

अशा माणसाच्या हाती कंपनीने कॉम्प्युटर दिला. अंधेरीच्या आमच्या कारखान्यात ते यंत्र नुकतंच आलं होतं. त्याच्या गार खोलीत चपला काढून जावं लागे. सुट्या भागांचे नंबर, कामाच्या पाळ्या, सगळं त्यात भरलेलं. पेडणेकरने प्रोग्रॅम लिहिला: यातलं काहीही बदललं, की ज्या खात्यांनी नाव नोंदवलंय त्यांच्यासाठी ताबडतोब चिठ्ठी छापली जाणार.

झालं, आमची वाट लागली. आकडे भरणाऱ्या बाई एखादा नंबर चुकल्या, की चिठ्ठी. पाच मिनिटांनी तो सुधारला, की पुन्हा चिठ्ठी. मी सामंत, स्टोअर्सचा प्रमुख. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर गठ्ठा. माझी माणसं त्यावर भजी खायची, आणि खरा बदल कुठला ते त्या गठ्ठ्यात कुणालाच सापडायचं नाही.

शेवटी मीटिंगमध्ये मी भडकलो. सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "अरे, तुला उचकी लागली तरी आम्हाला कळवणार का? एखादी गोष्ट आठ दिवस टिकली तर सांग. नाहीतर आमचं डोकं खाऊ नकोस."

सगळे हसले. साहेबांनी तोच नियम करून टाकला. आठ दिवसांच्या आत कुणाला गरज पडली तर काय, असं पेडणेकर विचारत होता, पण ऐकतंय कोण! त्याने मुकाट्याने प्रोग्रॅम बदलला.

आणि स्वतःही बदलला. टेबलाशी थांबणं बंद. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन महिने शांततेत गेले. मग तो पंधरा दिवस रजेवर गेला, तेव्हाही कशासाठी म्हणून विचारायचं मला सुचलं नाही.

परत आला तो मुंडण करून. बायको गेली होती. आम्ही शांततेत काढले ते दोन्ही महिने ती नर्सिंग होममध्ये होती. मी विचारलं, अरे, एका शब्दाने तरी सांगायचंस ना?

"काय सांगणार? आज ताप उतरायचा, उद्या चढायचा. काहीच आठ दिवस टिकेना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो. मला माझीच लाज वाटली आणि मी मान खाली घालून बसलो. तो स्टूल ओढून शेजारी बसला आणि उलट माझीच समजूत घालायला लागला. म्हणाला, ती रोज विचारायची, ऑफिसात कळवलंत का, कोण काय म्हणालं?

"मग?"

"मी सांगायचो, सगळे चौकशी करतात. सामंत तर रोज दोनदा विचारतो. तिला बरं वाटायचं रे. शेवटी शेवटी म्हणाली, त्यांना सांगा, एवढी काळजी करू नका."

तेवढा निरोप द्यायला तो माझ्याकडे आला होता.