चहा सांडलेला ‘आणि’

शब्दांची कार्डं मळली होती, म्हणून मी नवी केली. एवढंच. आमच्या घरात जे जे बिघडतं, ते मी असंच काहीतरी नीटनेटकं करायला गेल्यामुळे बिघडतं.

लेकीच्या बाईंनी बजावलं होतं, “आणि, पण, कुठे, आहे... असे पदोपदी भेटणारे शब्द तिला नुसते बघून ओळखता आले पाहिजेत. शुक्रवारी मी ऐकते. नाही जमलं, तर आणखी वर्षभर खालच्याच वर्गात ठेवू.” त्या ‘ठेवू’मध्ये फळीवर बरणी ठेवण्याचा सहजपणा होता. मला मात्र माझी लेक पंचवीस वर्षांची होऊन त्याच चिमुकल्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली दिसायला लागली. (काळजी करायची म्हटली की मी हात आखडता घेत नाही.)

मग रोज ओट्यापाशी आमचा क्लास. आणि पोरगी चक्क धडाधड वाचायची! कार्ड दिसायचा अवकाश, शब्द हजर. मी, कधी नव्हे ते, मनातल्या मनात स्वतःला बरी आई म्हणून घेतलं. तिथेच माशी शिंकली.

गुरुवारी सकाळी वाटलं, ही कळकट कार्डं बाईंसमोर कशी न्यायची? जुनी कचऱ्याच्या गाडीत टाकली, जाड कागदावर ठसठशीत अक्षरात नवी लिहिली. दुपारी ती शाळेतून आल्यावर पहिलं कार्ड समोर धरलं.

“हा कुठला शब्द?”

तिनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. “हे आपलं नाही.”

“अगं, ‘आणि’ आहे हा!”

“हॅ! ‘आणि’वर चहा सांडलाय.”

मी पटकन पुढचं कार्ड धरलं. “मग ‘पण’?”

“त्याचा कोपरा मी खाल्लाय.”

“आणि ‘कुठे’?”

“तो तू रडलीस ना, तेव्हा फुगला.”

म्हणजे इतके दिवस ती वाचत नव्हतीच, डाग ओळखत होती. घराचा अख्खा इतिहास पाठ, अक्षर एक नाही.

शहाण्या बाईनं इथे थांबून पहिल्यापासून शिकवायला घेतलं असतं. मी पदवीधर. मी चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा माझ्या तोंडात कार्ड होतं.

“काय चावतेयस?”

“पण.”

“पण काय?”

“काही नाही रे. ‘पण’ चावतेय.”

तो बूटही न काढता दारातच उभा राहिला. “अगं, बरं आहे ना तुला?”

लेकीनं कोपरा तपासला आणि निकाल दिला, “हे माझे दात नाहीत.”

राहता राहिला ‘कुठे’. त्यावर रडायचं होतं. दिवसभरात तेवढं एकच काम मला पहिल्या फटक्यात जमलं.

शुक्रवारी बाईंनी स्वतःची कार्डं काढली. कोरी करकरीत, निर्दयपणे स्वच्छ. माझा गठ्ठा पर्समध्ये चहाचा वास मारत पडून राहिला. एकेक कार्ड समोर येत होतं आणि लेक माझ्याकडे बघत होती. खालच्या वर्गातून बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. बाईंनी उसासा टाकून शेवटचं कार्ड धरलं.

“नको!” लेक ओरडली.

हा शब्द माझ्या गठ्ठ्यात नव्हताच. बाईंनी तो फळ्यावर लिहून बघितला, पाटीवर बारीक अक्षरात लिहून बघितला. प्रत्येक वेळी “नको!”

“अरे वा! कुठे शिकलीस गं हा?”

“घरी सगळीकडे आहे. फ्रीजवर, दिव्याच्या बटनांवर, बाबांच्या कपाटावर, खिडकीच्या कडीवर. आई लिहून चिकटवते आणि ओरडून दाखवते.”

(वाचता न येणाऱ्या मुलीसाठी मी चिठ्ठ्या लावत होते, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.)

“एक शब्द असा खराखुरा आला, म्हणजे बाकीचेही येतील,” बाई म्हणाल्या. “बसू दे वरच्या वर्गात.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग आजपासून घरी कुठले शब्द घेऊ? मी नवी कार्डं—”

“नाही, नाही,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “वाचनाचं आम्ही बघू. घरी तुम्ही तिला शिकवायला...” आणि भिडेनं अडखळल्या.

“नको,” लेकीनं वाक्य पुरं केलं.